भिंतीपलीकडची बहीण

सत्यभामेला इंग्रजी येत होतं, आणि येतं हे कोणाला विसरू न देण्याची तिला सवय होती. बाजारात मेथीची जुडी परत ठेवतानाही ती 'नो, नो' म्हणायची. तिला हसणारे हसोत, पण दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी अमरावतीला काकाच्या घरी राहून, काकूची बोलणी खाऊन मॅट्रिक झाली होती, तेव्हा तिनं थोडं मिरवलं तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? लग्न होऊन ती अकोल्याला आली. नवरा भगवंत एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. लेकरू झालं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी बोललेलं तिला खपत नसे.

एक मात्र खरं, हेवा हा तिचा जुना आजार होता. देवराव वकिलांकडे रेडिओ आला की तिचं कपाळ दुखायचं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला बढती मिळाली की दोन दिवस जेवण जात नसे. भगवंत बिचारा शांत माणूस. बायको कपाळाला सुंठ उगाळून लावताना दिसली की तो चप्पल काढता काढता विचारायचा, "आज कोनाचं बरं झालं?"

सत्तावन्न साली देवराव वकिलांनी अकोल्यात मैत्री मंडळ काढलं. अमरावतीत तसं मंडळ निघालं होतं आणि अमरावतीत जे निघतं ते अकोल्यात निघालंच पाहिजे, असा वकिलांचा बाणा. फिनलंड नावाच्या देशातल्या एका छोट्या गावात भारताशी मैत्री जोडू पाहणारा क्लब होता. त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. वकिलांना सही करायची हौस, लिहायचा कंटाळा, म्हणून पत्रं सत्यभामेकडे आली. तिकडून उत्तर लिहायची आइनो नावाची एक शिक्षिका. पहिली दोन पत्रं मंडळाची झाली. तिसऱ्यापासून ती सत्यभामेची झाली.

चार वर्षांत एकतीस पत्रं आली. आइनोच्या गावात सहा महिने बर्फ असतो, तिची आई लहान शेतावर एकटी राबून गेली, तिनं लग्न केलेलं नाही, हे सगळं सत्यभामेला पाठ होतं. ही पत्रं तिनं लग्नातल्या शालूबरोबर ट्रंकेत ठेवली होती. वकिलीणबाईंकडे रेडिओ असेल, पण फिनलंडात मैत्रीण नव्हती. शाळेतल्या बायकांना ती 'माझी आइनो' असं म्हणूनच सांगायची.

एकसष्टच्या फेब्रुवारीत तिकडच्या क्लबाची पाच माणसं भारतात आली. अमरावतीकरांनी त्यांना बँड लावून मिरवलं, मग ती अकोल्याला आली. आठ दिवस मुक्काम, आणि उतरायचं मंडळाच्या सभासदांच्या घरी. वकिलांना वाटत होतं सगळ्यांना आपल्या बंगल्यात ठेवावं. सत्यभामा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि आइनो माझ्याकडे येणार हे वदवून घेतल्याशिवाय उठली नाही.

तिनं घराला चुना लावला, मच्छरदाणी आणली, शाळेतून एक खुर्ची मागून आणली. काटे-चमचे आणायला भगवंताला अमरावतीला पाठवलं, कारण अकोल्यातले तिला पसंत पडले नाहीत. शेजारच्या दुर्गाबाई ही धावपळ बघत होत्या. दोन्ही घरांमध्ये एकच मातीची भिंत, तीही वर हातभर उघडी. दुर्गाबाईंच्या घरी वरवंटा आपटला की सत्यभामेच्या फडताळातल्या बश्या वाजायच्या. दुर्गाबाईंचे यजमान जानराव अकोटकडच्या शेतावर असायचे. पोरांच्या शाळेसाठी त्या शहरात आल्या होत्या. अक्षरओळख नव्हती, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. सत्यभामा नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा चूल पेटवून द्यायला त्याच आल्या होत्या. ती त्यांना मावशी म्हणायची, पण चारचौघांत जरा लांबूनच.

"काही लागलं तं सांगजो वं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुई पावनी म्हंजे आमची बी पावनीच."

सत्यभामा हसली आणि मनात म्हणाली, तुमची कशी?

आइनो आली. उंच, हाडापेराची, उन्हानं लाल झालेली. सत्यभामेनं दोन महिने वाक्यं पाठ केली होती. पहिल्या संध्याकाळी ती सगळी म्हणून झाली. आइनो प्रत्येकाला 'येस' म्हणाली, 'थँक यू' म्हणाली आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी कळलं की आइनो पत्रं लिहायची ती डिक्शनरी उघडी ठेवून, एकेक पान तीन-तीन दिवस. तोंडानं इंग्रजी बोलायची तिला भारी लाज. एकतीस पत्रं लिहिणाऱ्या दोन बायका समोरासमोर बसल्या आणि दोघींच्या मध्ये चहा निवत राहिला. सत्यभामेला रडू यायचं बाकी राहिलं. आपलं काही चुकलं का, म्हणून ती अजून जोरात बोलू लागली आणि पाहुणी अजून गप्प झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून धपधप आवाज सुरू झाला. बश्या वाजल्या. आइनोनं मान वर केली. दुर्गाबाईंच्या पुतणीचं लग्न आलं होतं आणि सरगुंडे, म्हणजे कणकेच्या पोकळ शेवया, करायला आळीतल्या पाच-सहा बाया जमल्या होत्या. कणीक चांगली कुटून मऊ करायची, पाटावर तिची दोऱ्यासारखी लांब लड वळायची, ती गवताच्या काडीभोवती गुंडाळायची आणि अलगद ओढून खाटेवरच्या धोतरावर वाळत टाकायची. आइनो उठली आणि कोणाला न विचारता पलीकडे गेली. सत्यभामा शाळेतून परतली तेव्हा पाहुणी घरात नव्हती. पलीकडून मात्र हसण्याचे आवाज येत होते.

बघते तर काय, जमिनीवर मांडी ठोकून आइनो बसलेली, कोपरापर्यंत पीठ, आणि तिच्या बोटांतून लड अशी सुटत होती की आळीतल्या बाया आपलं काम टाकून बघत होत्या.

"पाह्य वं, कसा हात हाय पोरीचा," दुर्गाबाई म्हणाल्या. "आपल्या आळीतल्या मैनीले चार सालात नाही जमलं."

आइनो सत्यभामेकडे बघून हसली. तीन दिवसांत ती अशी हसली नव्हती. मग अडखळत, शब्द शोधत तिनं एक लांब वाक्य उच्चारलं. या बाईचे हात माझ्या आईच्या हातांसारखे आहेत, तिला सांग, असं ते वाक्य होतं.

सगळ्या बाया सत्यभामेच्या तोंडाकडे बघू लागल्या. ती मनात म्हणाली, ही आई माझ्या पत्रातली. पाचव्या पत्रात ती मला भेटली, अकराव्यात वारली, मी तिच्यासाठी रडले. आणि हात या बाईचे?

"काय म्हनते?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"म्हणते, काम छान चाललंय," सत्यभामा म्हणाली.

खोटं असं ते नव्हतंही, अशी तिनं मनाची समजूत घातली. एकदा सुरुवात झाली मग काय, सोपं होत गेलं. दुर्गाबाई विचारायच्या, तिच्या घरी कोन कोन हाय, तिले एकटं नाही वाटत का. सत्यभामा त्यातलं अर्धं विचारायची. आइनो चार वाक्यं बोलायची, ही एक सांगायची. आइनोची सगळी माहिती आपल्याजवळ आधीपासून आहे, ती वाटून टाकायची कशाला? तरी त्या दोघींचं काही अडत नव्हतं, हेच तिला सहन होत नव्हतं. दुर्गाबाई वऱ्हाडीत बोलायच्या, आइनो तिच्या भाषेत, आणि काम पुढे सरकत राहायचं. सत्यभामेच्या इंग्रजीची गरज फक्त सत्यभामेला उरली होती. घरी येऊन तिनं सुंठ उगाळली. भगवंतानं या वेळी काही विचारलं नाही. त्याला भिंतीपलीकडचं हसणं ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी दुर्गाबाईंनी पाहुणीसाठी डबा भरून चिवडा पाठवला. चांगला वजनदार पितळेचा डबा, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं 'दुर्गाबाई जानराव'. आइनोनं चिवडा खाल्ला, आपल्या सोबत्यांना वाटला. मग डबा राखेनं घासून, आपल्या रुमालानं पुसून असा लख्ख केला की त्यात तोंड दिसावं, आणि परत द्यायला निघाली.

आता आपल्याकडे भरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसेल घरात तर चिमूटभर साखर घालतात. हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण फिनलंडातल्या बाईला कोण सांगणार? सांगू शकणारी एकच बाई त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. साखरेचा डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. सत्यभामेनं डब्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. जाऊ दे. बघू दे तुमच्या लाडक्या पोरीची रीतभात, आळीसमोर बघू दे. एवढंच नाही, तर तमाशा चुकू नये म्हणून ती मागोमाग गेली.

बाया जमलेल्याच होत्या. दुर्गाबाईंनी डबा घेतला, झाकण उघडलं. आत पाहिलं. बायाही वाकून पाहू लागल्या. दुर्गाबाईंनी डोळे वर करून आधी आइनोकडे आणि मग तिच्या मागे उभ्या सत्यभामेकडे पाहिलं. मग त्या मोठ्यानं हसल्या.

"अवं, संपला बी? आवडला म्हना पोरीले. अजून पाह्यजे तिले, म्हून डबा घेऊन आली."

आणि उठून त्यांनी त्यात रव्याचे लाडू भरले.

पुढच्या दिवशी आइनोनं तो डबा तसाच घासूनपुसून रिकामा नेऊन दिला. तो शंकरपाळे घेऊन परत आला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. आळीत गंमत झाली की गोऱ्या बाईला भूक फार. सत्यभामेचा डाव असा उलटला की दुर्गाबाई आणि पाहुणी रोज एकमेकींच्या दारात, आणि ही रोज मागे उभी. तिसऱ्या रिकाम्या फेरीनंतर दुर्गाबाईंनी डब्यात वाळलेले सरगुंडे भरले. "आता परत नको आनू म्हना," त्या म्हणाल्या. "घरी घेऊन जाय. तिकडं बर्फात उकडून खाय." हे मात्र सत्यभामेनं शब्दाला शब्द सांगितलं, कारण यात पाहुणी जाण्याची गोष्ट होती.

निरोपाचा समारंभ झाला. हारतुरे, वकिलांचं लांबलचक भाषण, मुलींचं नाच-गाणं, सगळं काही. एकेक पाहुणा उठून चार शब्द बोलत होता. आइनो उभी राहिली, पण लाऊडस्पीकर बघून मागे सरकली. ती सत्यभामेच्या कानाजवळ बोलू लागली आणि लाऊडस्पीकर सत्यभामेसमोर. मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून दुर्गाबाई बसल्या होत्या.

मी एकुलती एक, आइनो म्हणाली. मला बहीण नव्हती. अकोल्यात मला बहीण मिळाली. ती भिंतीपलीकडे राहते.

"आइनो म्हणतात," सत्यभामेचा आवाज सभागृहभर घुमला, "मला बहीण नव्हती. अकोल्यात मला बहीण मिळाली."

आणि ती थांबली. भिंतीपलीकडचं तिनं भिंतीपलीकडेच ठेवलं. लोक सत्यभामेकडे बघून टाळ्या वाजवू लागले. वकिलीणबाईंनीही वाजवल्या, हे तिनं नेमकं पाहिलं. सर्वांत जोरात टाळ्या मागच्या रांगेतून येत होत्या. दुर्गाबाई दोन्ही हात वर करून वाजवत होत्या. सत्यभामेच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान होता आणि ती मागच्या रांगेकडे न बघता खाली बसली.

आइनो गेल्यावर तिची पत्रं विरळ झाली. नाताळचं एक कार्ड आलं. त्याच्या कोपऱ्यात 'दुर्गाबाई कशी आहे' हा प्रश्न होता. सत्यभामेनं उत्तरात हवामान लिहिलं.

बासष्टच्या सप्टेंबरात टपालवाले नत्थुजी एक जड पार्सल घेऊन आले. पत्ता सत्यभामेचा. उघडलं तर आत तो पितळेचा डबा, 'दुर्गाबाई जानराव' अजून लख्ख. डब्यात वाळवलेली काळी-निळी रानफळं ठासून भरलेली. सोबत हातानं विणलेले जाड लोकरी मोजे आणि दोन पत्रं. सत्यभामेचं चार ओळींचं. दुर्गाबाईंचं दोन पानांचं, आणि वर लिहिलेलं, सत्यभामा, हे तिला वाचून दाखव.

तिनं ते चारदा वाचलं, आणि डबा कपाटावर चादरीखाली ठेवून दिला. रोज शाळेतून आली की आधी त्या चादरीकडे बघायची. डबा द्यावा आणि पत्र ठेवून घ्यावं, असं एकदा तिच्या मनात आलं. वाचून दाखवावं आणि नको ते गाळावं, असंही आलं. आजवर तेच तर केलं होतं. दुर्गाबाई भिंतीवरून हाक मारून विचारायच्या, "तुया पावनीचा कागद आला का वं?" आणि ही म्हणायची, "नाही मावशी." असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी भगवंतानं चादर उचलली, झाकणावरचं नाव वाचलं आणि चादर परत टाकली.

"हा आपला डबा नोय," एवढंच तो म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या संध्याकाळी ती डबा घेऊन पलीकडे गेली. दुर्गाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. डबा पाहून त्यांनी हात पदराला पुसले, झाकण उघडलं आणि फळं बोटानं चाचपली. "बोरं असतीन त्याईची," त्या म्हणाल्या. मोजे गालाला लावून पाहिले. मग म्हणाल्या, "वाच."

सत्यभामेनं वाचायला सुरुवात केली. एक वाक्य इंग्रजीत बघायचं, एक मराठीत सांगायचं. प्रिय बहिणी. आमच्या गावात तुमच्याकडचा एक विद्यार्थी आला होता. माझ्या फळीवरचा डबा बघून त्यानं विचारलं, म्हणून मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. बहिणी, मी तुझा डबा तीन वेळा रिकामा परत केला. हे कळल्यापासून मला लाज वाटते आहे. तुझे हात माझ्या आईसारखे आहेत, हे मी तुला आपण भेटलो त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तू मला माफ करशील. मला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही.

इथे ती थांबली. पुढे अजून अर्धं पान होतं. दुर्गाबाई लसणाची पाकळी हातात धरून वाट बघत होत्या.

"हाताचं तू सांगतलं नोतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

"नाही सांगितलं." सत्यभामेनं पत्र खाली ठेवलं. तिची शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "डब्याचं बी म्या नाही सांगतलं, मावशी. मी दारातच होती. मले दिसून राहिलं होतं. मुद्दामच नाही सांगतलं. पोरीची फजिती व्हावी म्हून."

"मले मालूम हाय."

"तुमाले मालूम होतं?"

"तेव्हाच समजलं. तोंडावर दिसून राहिलं होतं तुया." दुर्गाबाई पुन्हा लसूण सोलू लागल्या. "पन येडे, तिची कायची फजिती? ते परदेशी बाई, तिले काय ठाऊक. डबा तुया घरातून आला होता. रिकामा आला असं आळीनं म्हटलं असतं, तं नाव कोनाचं गेलं असतं? पाच बाया बसल्या होत्या. म्हून म्या म्हटलं, पोरीले अजून पाह्यजे. तीनदा म्हना लागलं मले."

दीड वर्ष ती ज्या बाईवर जळत होती, त्या बाईनं तीन दिवस तिची अब्रू पदराखाली झाकली होती, आणि समारंभात तिच्यासाठी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या होत्या. सत्यभामेला रडू आलं. दुर्गाबाईंनी तिला रडू दिलं. मग तिनं डोळे पुसून राहिलेलं अर्धं पान वाचलं, एक शब्द न गाळता. आणि पत्रात नव्हतं तेही सांगितलं, की समारंभात आइनो नेमकं काय म्हणाली होती आणि कोणाबद्दल.

"अस्सं," दुर्गाबाई म्हणाल्या. मग त्यांनी निम्मी फळं एका परातीत काढली आणि निम्मी डब्यात ठेवून डबा सत्यभामेपुढे सरकवला. "हे तुया घरी ने. उद्या उत्तर लिवू तिले. मी सांगन तसं लिवजो मातर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामेनं ती फळं बरणीत काढली. डबा राखेनं घासला, पुसला. फळीवरून साखर काढली आणि ओतत राहिली. डबा काठोकाठ भरला, वर शीग आली, झाकण बसेना तेव्हा ते हातानं दाबून धरलं. चूल थंड होती आणि भगवंत चहाची वाट बघत होता. त्यानं साखरेच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं आणि प्रेसमध्ये जायला टोपी घातली.

दुर्गाबाईंनी दारातच डबा घेतला. झाकण उचलताच साखर त्यांच्या पायांवर सांडली.

"अवं, चिमूटभर घालतेत," त्या म्हणाल्या. "एवढी कावून आनली?"

"तीन खेपांची हाय, मावशी," सत्यभामा म्हणाली.